जुना पिकअप घेताना : इंजिन लहान की मोठे?

बिबवेवाडीच्या गंगाधाम चौकात पहाटे उभे राहिले की पुणे शहराचा बाजार चाकांवर कसा चालतो ते दिसते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे आणि तेलाचे डबे भरलेले टेम्पो बाहेर पडतात. काही स्वारगेटकडे जातात, काही कात्रजकडे आणि काही आई माता मंदिराचा चढ चढून कोंढव्याकडे वळतात. या धंद्यात आपल्या समाजातील तरुण मोठ्या संख्येने आहेत. कोणी स्वतःची गाडी चालवतो, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे आणि आज ना उद्या स्वतःची गाडी घेण्याचे स्वप्न पाहतो.

असाच एक तरुण काही दिवसांपूर्वी आमच्याकडे सल्ल्यासाठी आला. तो मार्केट यार्डातून माल उचलून कोंढवा आणि आसपासच्या किराणा दुकानांना व खानावळींना पोहोचवतो. आजवर भाड्याच्या टेम्पोवर काम चालले. चार वर्षांत काटकसर करून काही रक्कम साठली. बिबवेवाडीत त्याने दोन जुन्या गाड्या पाहिल्या होत्या. एक सुमारे ७०० सीसीची, सहा वर्षे वापरलेली. दुसरी सुमारे २५०० सीसीची, नऊ वर्षे वापरलेली. दोन्ही मालक जवळपास सारखीच किंमत सांगत होते. घरची मंडळी आणि मित्र म्हणत होते, "त्याच पैशात मोठी मिळते तर लहान कशाला?" त्याचा प्रश्न एवढाच होता : कोणती घेऊ?

हा प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून त्याचे उत्तर या पानावर सविस्तर देत आहोत. गाडीच्या एका चुकीच्या निवडीत चार वर्षांची बचत बुडू शकते आणि तीच बचत नीट गुंतवली तर एका घराची हलाल रोजी उभी राहते.

सीसी म्हणजे नेमके काय?

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो. तो जितकी जागा व्यापतो ती सर्व सिलिंडरची मिळून घन सेंटिमीटरमध्ये मोजली की सीसी निघते. २००५ साली बाजारात आलेल्या आणि पुढे 'छोटा हत्ती' म्हणून घरोघरी माहीत झालेल्या टाटा एसचे डिझेल इंजिन ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे. २०११ मध्ये आलेल्या अशोक लेलँड दोस्तचे इंजिन १४७८ सीसीचे, तीन सिलिंडरचे. महिंद्राच्या बोलेरो पिकअपमध्ये वर्षानुवर्षे असलेले इंजिन २५२३ सीसीचे, चार सिलिंडरचे. जुन्या बाजारात आपल्या लोकांपुढे साधारणपणे हेच तीन गट येतात. त्यांना आपण लहान, मधले आणि मोठे म्हणू.

सीसी म्हणजे ताकद नव्हे, हे पहिले लक्षात घ्यावे. जुन्या टाटा एसचे ७०२ सीसीचे इंजिन १६ अश्वशक्ती देते. दोस्तचे सीसी त्याच्या दुपटीहून थोडे अधिक, पण ताकद ५५ ते ६० अश्वशक्तीच्या आसपास, म्हणजे साडेतीन पटीजवळ. याचे कारण टर्बो. टर्बो जादा हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक डिझेल जळते आणि अधिक जोर मिळतो. बोलेरो पिकअपचे इंजिन दोस्तपेक्षा हजार सीसीने मोठे असूनही बहुतेक मॉडेलांत त्याची ताकद ६० ते ७५ अश्वशक्तीच्या दरम्यान आहे.

सीसी म्हणजे वजन वाहण्याची क्षमताही नव्हे. २०१९ मध्ये आलेल्या टाटा इंट्राच्या व्ही-१० गाडीत ७९८ सीसीचे इंजिन होते आणि व्ही-२० मध्ये १३९६ सीसीचे. इंजिनात एवढा फरक, पण वाहण्याच्या वजनात फरक फारसा नव्हता. किती वजन वाहायचे ते चेसिस, पाटे, अॅक्सल, टायर आणि ब्रेक मिळून ठरवतात. इंजिन फक्त ते वजन ओढते.

ही क्षमता विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये, आरसीवर वाचावी. आरसीवर सीसी, रिकाम्या गाडीचे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन अशा तिन्ही गोष्टी लिहिलेल्या असतात. कमाल वजनातून रिकामे वजन वजा केले की उरते ते आपल्या मालाचे माप. मागील मालकाने हौद्यावर लोखंडी पिंजरा चढवला असेल तर त्याचे वजनही यातूनच जाते. पिंजरा शंभर किलोचा असेल तर ५० किलोची दोन पोती प्रत्येक खेपेला कमी झाली असे समजावे.

चढाचे गणित

कोंढव्याकडे माल नेणाऱ्याला चढ टाळता येत नाही. सासवडकडे बोपदेव घाटाने जाणाऱ्याला किंवा दिवे घाट, कात्रज घाट ओलांडणाऱ्याला तर नाहीच नाही. चढावर गाडी कशी वागेल हे पाहण्याची सोपी रीत अशी : इंजिनाच्या अश्वशक्तीला भरलेल्या गाडीच्या एकूण टनांनी भागावे.

जुन्या टाटा एसचे भरलेले वजन सुमारे १५५० किलो, म्हणजे दर टनामागे सुमारे १० अश्वशक्ती. दोस्तचे भरलेले वजन सुमारे अडीच टन, म्हणजे दर टनामागे २३ च्या आसपास. तीन टन वजनाची, ७० अश्वशक्तीची मोठी गाडी घेतली तरी उत्तर पुन्हा २३ च येते.

यातून दोन धडे मिळतात. पहिला, मधली आणि मोठी गाडी आपापल्या मापात भरली तर चढावर दोघींची स्थिती सारखीच. मोठे इंजिन चढ सोपा करत नाही, ते फक्त अधिक माल नेते. दुसरा, लहान गाडी मापात भरली तर चढ चढते, पण सावकाश. दहा मीटरला एक मीटर चढ धरला तर अशी गाडी ताशी २० किलोमीटरच्या आसपासच चालेल. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्यावेत.

आता हीच लहान गाडी दुप्पट भरली तर काय होते? मालाचे ७५० किलोचे दीड हजार झाले की एकूण वजन २३०० किलोवर जाते आणि दर टनामागे केवळ ७ अश्वशक्ती उरते. गाडी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत, काळा धूर सोडत चढते. क्लच प्लेट जळते, पाणी उकळते, हेड गॅस्केट उडते. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी लहान गाड्यांची दुखणी अशा चढांवरच सुरू झालेली असतात.

उतार तर याहून गंभीर आहे. आई माता मंदिराकडून गंगाधाम चौकाकडे उतरणारा रस्ता तीव्र उताराचा असून खाली गजबजलेला चौक आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवले पुलाजवळच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका टँकरने अनेक वाहनांना उडवले, ते पुणेकर विसरलेले नाहीत. उतारावर इंजिनाचा उपयोग गाडी ओढण्यासाठी नसून तिला धरून ठेवण्यासाठी असतो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही खरा आहे. चार पैशांचे डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे खाली उभ्या असलेल्या कोणाच्या तरी लेकराशी जुगार खेळणे होय. लहान गाडीचे ब्रेक तिच्या मापाच्या वजनासाठी बनवलेले असतात, दुप्पट वजनासाठी नव्हे.

पोत्यामागे खर्च

आता धंद्याचे गणित मांडू. कांद्याचे पोते ५० किलोचे धरले तर लहान गाडीत १५ पोती (७५० किलो), मधल्या गाडीत २५ पोती (१२५० किलो) आणि दीड टनाच्या मोठ्या गाडीत ३० पोती बसतात. बरोबर हमाल बसवला तर एक-दीड पोते कमी.

एक खेप जाऊन-येऊन ४० किलोमीटरची समजा. शहरातल्या गर्दीत भरलेल्या गाडीचा अॅव्हरेज लहान गाडीला १६, मधलीला १३ आणि मोठीला १० किलोमीटर धरू. डिझेल हिशेबासाठी ९० रुपये लिटर धरू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी आपापले घालून हिशेब करावा. एका खेपेचे डिझेल असे येते : लहान गाडी २२५ रुपये, मधली सुमारे २७७ रुपये, मोठी ३६० रुपये.

रोज १५ पोती माल असेल तर पोत्यामागे डिझेलचा खर्च लहान गाडीला १५ रुपये, मधलीला साडेअठरा आणि मोठीला २४ रुपये.

रोज २५ पोती असतील तर लहान गाडीला दोन खेपा लागतात आणि खर्च १८ रुपयांवर जातो. मधलीला केवळ ११ रुपये पडतात, मोठीला साडेचौदा.

रोज ३० पोती असतील तर लहान गाडी दोन खेपांत १५ रुपयांना काम करते. मधलीला पाच पोत्यांसाठी दुसरी खेप मारावी लागते आणि खर्च साडेअठरावर जातो. मोठी मात्र एकाच खेपेत १२ रुपयांत काम आटोपते.

हे आकडे पुन्हा एकदा नीट पाहावेत. प्रत्येक गाडी आपल्या मापात भरली असतानाच स्वस्त पडते. इंजिन लहान की मोठे, हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. खरा प्रश्न असा : माझा रोजचा माल किती? महिन्यातून दोनदा येणारा मोठा माल मोजू नये, रोजचा मोजावा.

आम्ही त्या तरुणाला म्हणालो, "गाडीचा सौदा पंधरा दिवस थांबव. एका वहीत रोज लिही : किती पोती उचलली, किती किलोमीटर झाले, किती वेळ लागला." त्याला हे पटले नाही. गाडी हातची जाईल अशी भीती होती. आम्ही सांगितले की जुन्या गाड्यांचा बाजार बंद होत नाही, एक गेली तर दुसरी येते. शेवटी तो तयार झाला.

वही घेऊन परत आला तेव्हा चित्र स्पष्ट होते. आठवड्यातून एक दिवस सोडला तर माल १२ ते १५ पोत्यांच्या पुढे गेला नव्हता. त्या एका दिवशी मात्र २५ पोत्यांच्या आसपास होता. महिन्याचे २६ दिवस धरून हिशेब केला. लहान गाडीच्या २६ खेपा आणि जास्त मालाच्या चार दिवसांच्या चार जादा खेपा, अशा ३० खेपांचे डिझेल ६७५० रुपये. मोठ्या गाडीच्या २६ खेपांचे ९३६० रुपये. फरक महिन्याला २६१० रुपये, वर्षाला ३१ हजारांच्या वर. हे पैसे अर्ध्या रिकाम्या हौद्यातून हवा वाहून नेण्यासाठी जाणार होते. मोठ्या गाडीचे टायर, ऑइल, क्लच, बॅटरी यांचा जादा खर्च यात धरलेलाच नाही.

कोणत्या धंद्याला कोणते इंजिन?

सर्वांना एकच उत्तर लागू नाही, म्हणून काही ठोकताळे देतो.

खारी, टोस्ट, पाव, गाद्या, प्लास्टिकचे सामान, रिकामे खोके असा माल जागा जास्त घेतो आणि वजन कमी भरतो. अशा धंद्याने इंजिनापेक्षा हौद्याची लांबी पाहावी. इंजिन लहान चालते.

पाण्याचे २० लिटरचे जार वाहणाऱ्याने सावध राहावे. एक जार भरला की २० किलोच्या वर जातो. ४० जार म्हणजे ८०० किलोंहून अधिक. डोळ्याला हौदा अर्धा वाटतो, पण लहान गाडीचे माप संपलेले असते.

फरशी, सिमेंट, लोखंड, भंगार आणि भवानी पेठेतून निघणारे लाकूड व प्लायवूड हा जड माल. येथे लहान इंजिनाचा मोह धरू नये. मधली किंवा मोठी गाडीच घ्यावी आणि तीही मापात भरावी.

रोज घाट ओलांडून सासवड, शिरवळ किंवा त्यापुढे जाणाऱ्याने माल कमी असला तरी मधल्या इंजिनाचा विचार करावा. लहान गाडी घाट चढेल, पण रोजचा तासभर जादा जाईल आणि इंजिन सतत पूर्ण जोरावर चालून लवकर थकेल.

सीएनजीचा पर्यायही आहे. पुण्यात सीएनजी मिळते आणि लहान गाड्यांत सीएनजी मॉडेले जुन्या बाजारात दिसतात. खर्च कमी येतो, मात्र पेट्रोलवर चालणारेच इंजिन सीएनजीवर थोडे कमी जोर देते आणि पंपावरच्या रांगेत वेळ जातो. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचा दाखला मागून घ्यावा.

जुने इंजिन तपासताना

लहान घ्या की मोठे, जुने इंजिन आपले पूर्वायुष्य लपवू शकत नाही. पाहणाऱ्याला पाहता आले पाहिजे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन थंड असताना स्वतः चालू करावे. मालकाने आधीच गरम करून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन पुष्कळ वेळ सेल्फ मारूनही चालू होत नसेल तर कॉम्प्रेशन उतरल्याची शंका घ्यावी.

धुराचा रंग पाहावा. सतत निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंग-पिस्टनचे काम निघणार. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत असेल तर पाणी सिलिंडरमध्ये जात असू शकते. चढावर भकाभका काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही, पंप किंवा इंजेक्टर दाखवावा.

इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. तेथून जोराने वाफा येत असतील तर मिस्त्री ज्याला 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात ते दुखणे आहे.

नंतर गाडीखाली वाकून पाहावे. पाट्यांमध्ये एखादे पान जादा टाकले आहे का? चेसिसला वेल्डिंगचे डाग आहेत का? हौद्याचा तळ मधे बसला आहे का? या तिन्ही खुणा गाडीने जादा माल वाहिल्याच्या आहेत. अशा गाडीचे इंजिन आतून किती थकले असेल याचा अंदाज मीटरवरच्या किलोमीटरवरून लागत नाही.

शेवटी मापाचा माल भरून चढावर नेऊन पाहावी. रिकामी गाडी सपाट रस्त्यावर सगळ्यांचीच छान पळते. मालक भरून न्यायला नकार देत असेल तर त्याचे कारण विचारावे.

दुरुस्तीतही इंजिनाप्रमाणे फरक पडतो. जुन्या लहान डिझेल इंजिनाची रचना साधी असते, तिला टर्बो नसतो. सुटे भाग नाना पेठेत सहज मिळतात आणि गल्लीतला मिस्त्री काम करू शकतो. मधल्या व मोठ्या इंजिनांत टर्बो आणि कॉम्प्युटरवर चालणारे इंजेक्टर असतात. ते बिघडले तर एका फटक्यात मोठी रक्कम जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या गाड्यांत धूर नियंत्रणाची यंत्रणा आणखी गुंतागुंतीची आहे. गाडी घेण्यासाठी साठवलेल्या रकमेपैकी काही भाग पहिल्या सहा महिन्यांच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवूनच सौदा करावा.

कागद आणि कायदा

इंजिन व चेसिसचा नंबर आरसीशी ताडून पाहावा. इंजिन बदललेले असेल आणि त्याची नोंद नसेल तर सौदा सोडून द्यावा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा कर, पासिंग, विमा, थकलेली चलाने आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. बोजा असेल तर तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५, मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०. "नंतर करू" म्हणून नाव बदलायचे ठेवू नये. अपघात झाला तर आधीचा मालक आणि आपण दोघेही अडचणीत येतो.

मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. त्या तरुणाची नऊ वर्षांची मोठी गाडी या दोन्ही खर्चांच्या कक्षेत आलेली होती, सहा वर्षांची लहान गाडी नव्हती. सारख्या किमतीतला हा फरक कोणी त्याला सांगितला नव्हता.

३००० किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. मोठ्या इंजिनाच्या काही मॉडेलांचे वजन याच्या पुढे जाते, म्हणून आरसी पाहावी. थर्ड पार्टी विम्यात मात्र लहान गाडीला सवलत नाही. ७५०० किलोंपर्यंतच्या सर्व चारचाकी मालगाड्यांचा गट एकच असून २०२२ मध्ये त्याचा दर १६,०४९ रुपये ठरला होता, त्यावर कर वेगळा. लायसन्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. त्यामुळे तिन्ही गटांना तेच लायसन्स पुरते.

जादा माल भरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये अशी तरतूद आहे. लहान गाडीत दुप्पट माल भरून वाचवलेले कित्येक महिन्यांचे डिझेल एका चौकात जाऊ शकते.

व्यवहारातील सचोटी

कायदा पाळला म्हणजे आपली जबाबदारी संपली असे मुसलमानाला म्हणता येत नाही. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओला लागला. वरून कोरडे, आतून ओले. पाऊस लागला होता असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. जुनी गाडी विकणाऱ्याने ही हदीस आठवावी. घट्ट ऑइल घालून धूर दाबणे, मीटर मागे फिरवणे, फुटलेल्या चेसिसवर रंग मारणे हे सर्व ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरण्यासारखेच आहे. विकणारा आणि घेणारा खरे बोलले आणि ऐब उघड केला तर सौद्यात बरकत येते, लपवला तर बरकत निघून जाते, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. आपण घेणारे आहोत तोवर हे पटते. तीच गाडी चार वर्षांनी विकताना पटते की नाही, तेथे खरी परीक्षा आहे.

दुसरी गोष्ट व्याजाची. मोठे इंजिन हवे म्हणून अनेक जण हातात असलेल्या रकमेवर तेवढेच व्याजी कर्ज काढतात. मग हप्ता भागवण्यासाठी गाडी जादा भरतात, जादा भरल्याने गाडी मोडते, गाडी मोडल्याने हप्ता थकतो. हे चक्र आम्ही जवळून पाहिले आहे. व्याज हराम आहेच, येथे त्याचा ऐहिक तोटाही डोळ्यांसमोर दिसतो. रोख रकमेत बसेल आणि रोजच्या मालाने भरेल अशी लहान गाडी व्याजावर आणलेल्या मोठ्या गाडीपेक्षा अधिक कमावते.

माल खरोखरच मोठ्या गाडीचा असेल तर भागीदारीचा मार्ग आहे. दोघे-तिघे मिळून गाडी घ्यावी. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटावा आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात सोसावा. हे सर्व लिहून, साक्षीदारांसमोर सही करून ठेवावे. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश कुरआनने सूरह अल-बकरामध्ये सविस्तर दिला आहे. सख्खे भाऊ असले तरी लिहावे. न लिहिल्याने भाऊबंदकी तुटलेली आपण पाहतो, लिहिल्याने तुटलेली क्वचितच.

त्या तरुणाने शेवटी लहान गाडी घेतली. घरी थोडी नाराजी झाली, कारण मोठी गाडी दारात उभी राहण्याचा रुबाब वेगळा असतो. दुरुस्तीसाठी काढून ठेवलेल्या रकमेतून त्याने पहिल्याच आठवड्यात क्लच प्लेट आणि ब्रेक लायनर बदलून घेतले. वही मात्र त्याने बंद केलेली नाही. आम्ही त्याला सांगितले आहे की सलग तीन महिने रोजचा माल २० पोत्यांच्या वर जाऊ लागला तर मधल्या इंजिनाची गाडी पाहायला निघ, तोवर नाही. माल वाढला की गाडी मोठी करता येते. गाडी मोठी केली म्हणून माल वाढत नाही.

गाडी पाहायला निघण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. माझा रोजचा माल किती किलो? माझ्या वाटेवर चढ कोणता? व्याजाशिवाय माझ्याकडे रक्कम किती? आणि दुरुस्तीसाठी त्यातून काय उरते? या चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून मगच इंजिनाचे झाकण उघडावे. इन्शाअल्लाह, निवड चुकणार नाही.